हॉस्टेलमधल्या गप्प मुलांसाठीही थोडी जागा ठेवा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत सध्या वाचकांच्या हॉस्टेलच्या आठवणी छापून येतायत, त्या आमच्या घरी सगळेच वाचतात. रात्री दोनला किटलीत शिजवलेली मॅगी, बाराच्या ठोक्याला तोंडाला फासलेला केक, एकीचा ड्रेस पाच जणींनी घालणं, सगळं खरं आहे, मी पण बघितलंय. पण आता सीईटीचे निकाल लागतील, कॅप राउंड म्हणजे प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होतील आणि हजारो पोरंपोरी पहिल्यांदा घर सोडून हॉस्टेलात जातील, आणि त्यातल्या कितीतरी जणांच्या पोटात हे वाचून गोळा येत असणार की आपल्याला हे जमणार का, कारण त्यांना सततची गर्दी झेपत नाही, त्यांना एकटं राहायला आवडतं. त्यांच्या बाजूने कुणीच लिहीत नाहीये म्हणून मी लिहितेय. पत्र जरा लांबेल, कापायचं तर कापा, पण मधला पडद्याचा भाग आणि शेवटच्या मागण्या तेवढ्या राहू द्या.

मी मराठवाड्यातल्या एका शेतकी कॉलेजात बीएस्सी ॲग्री केलं आणि सगळी डिग्री मुलींच्या हॉस्टेलात राहून केली. कॉलेजचं नाव देत नाही, कारण हे एकाच कॉलेजचं नाहीये, माझ्या मैत्रिणी पुण्याला, नागपूरला, अकोल्याला होत्या त्यांचं पण थोड्याफार फरकाने हेच. मला बोलता येत नाही असं नाही. वर्गात उत्तरं द्यायचे, मेसवाल्याशी पातळ वरणावरून भांडायला पुढे मीच असायचे, ग्रुपमधे प्रोजेक्ट केले. पण दिवसातला एखाद-दोन तास आजूबाजूला कुणीच नसलं तर माझं डोकं जागेवर राहतं, नाहीतर संध्याकाळपर्यंत चिडचिड होते, वाचलेलं डोक्यात शिरत नाही, झोप लागत नाही. लहानपणापासून अशीच आहे. गावी हे कधी कुणाला खटकलं नाही, शेतात गेलं की आपोआप मिळायचं. हॉस्टेलात आल्यावर मात्र पहिल्याच महिन्यात शिष्ट, आखडू, घुमी, माणूसघाणी ही सगळी विशेषणं लागून झाली.

खोली कशी होती ते सांगते म्हणजे लक्षात येईल. दहा बाय बाराची असेल, त्यात तीन लोखंडी कॉट, तीन कपाटं (त्यातल्या एकाचं दार लागायचं नाही), एक टेबल तिघींत मिळून, एकच ट्यूबलाइट आणि तिचं बटण दाराजवळच्या कॉटवाल्या मुलीच्या उशाशी. म्हणजे ती झोपली की अंधार, ती जागी असली की उजेड. एकीचं रात्री अकरापासून फोनवर बोलणं सुरू व्हायचं ते एक-दीडपर्यंत, दुसरीला गाणी लावल्याशिवाय अभ्यास होत नसे आणि ती पहाटे पाचचा गजर लावून पाच वेळा बंद करायची. दोघी चांगल्या होत्या, आजही आमचं बोलणं आहे, त्यांचं काही चुकत होतं असं मला म्हणायचं नाहीये. तीन वेगवेगळ्या सवयींची माणसं एका खोलीत घालताना कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं की बाई तुला काय चालतं. ॲडमिशनच्या वेळी रक्तगट विचारला, लोकल गार्डियनचा फोन विचारला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गॅप सर्टिफिकेट, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स घेतल्या, अँटी-रॅगिंगचं प्रतिज्ञापत्र माझं वेगळं आणि पप्पांचं वेगळं घेतलं. रात्री किती वाजता झोपतेस एवढं विचारायचं मात्र राहिलं.

आता पडद्याचं. माझी कॉट भिंतीकडची होती. दुसऱ्या सेमिस्टरला मी खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत नायलॉनची दोरी बांधली आणि त्यावर जुनी सुती ओढणी टाकली, निळी, बुट्ट्यांची, कडेला थोडी विरलेली. आत कॉट, एक उशी, चार्जिंगवर चालणारा छोटा दिवा आणि पुस्तकं. बस. त्या ओढणीतून आरपार दिसायचं सुद्धा, आवाज तर सगळाच यायचा, पण माझ्या डोळ्यांसमोर कुणी नव्हतं आणि मी कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हते, एवढ्यानेच मला इतकं हलकं वाटलं की त्या सेमिस्टरला सगळे विषय चांगल्या मार्कांनी निघाले. रूममधल्या दोघींची काही तक्रार नव्हती, उलट एकीने स्वतःसाठी पण बांधून घेतली. मग एका रात्री हजेरीच्या राउंडला रेक्टर मॅडम आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "हे काय लावलंय? पडदा कशाला लागतो, काय लपवायचंय?" सगळ्या मजल्यासमोर. मी म्हटलं मॅडम लपवायचं काही नाही, मला झोपताना आणि वाचताना एकटं लागतं. तर म्हणाल्या, एकटं राहायचं होतं तर हॉस्टेलात कशाला आलीस. दोरी तिथल्या तिथे सोडायला लावली. काय लपवायचंय हा प्रश्न माझ्या फार जिव्हारी लागला, कारण माणूस एकटं बसलं म्हणजे ते काहीतरी वाईटच करत असणार असं त्यात गृहीत धरलेलं आहे, आणि मुलगी असली तर जास्तच.

गोष्ट तेवढ्यावर थांबली नाही. पुढच्या आठवड्यात मॅडमनी घरी फोन केला की तुमची मुलगी कुणात मिसळत नाही, गॅदरिंगला नाव दिलं नाही, रविवारी सगळ्या टीव्ही हॉलमधे असतात तेव्हा ही खोलीत असते, येऊन बघा. पप्पा सोयाबीनची काढणी अर्धवट सोडून एसटीने आले. ऑफिसमधे खुर्चीच्या टोकावर बसले, टोपी गुडघ्यावर, आणि मॅडम बोलत होत्या ते सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाले, "मॅडम, मी पण असाच हाय. आमच्याकडं रातची लाईट असती, बारा-एकला उठून मी एकटाच पाणी द्यायला जातो, पहाटपर्यंत शेतात एकटाच असतो. कुणी मला डाक्टरकडं न्ह्या म्हणत न्हाई." मॅडमना काय बोलावं कळेना. बाहेर आल्यावर पप्पांनी मला विचारलं, "माय, तुला तरास हाय का इथं कुणाचा? खरं सांग." मी नाही म्हटलं, तर म्हणाले मग ऱ्हा तुला जमतंय तसं, आणि शेवटची गाडी चुकेल म्हणून लगेच निघाले. मला विचारायला हवं होतं ते त्यांनी स्टँडवर दोन वाक्यांत विचारलं. रेक्टर मॅडम त्याच इमारतीत राहायच्या, त्यांना मला खोलीत बोलावून हे विचारायला फोनचासुद्धा खर्च नव्हता.

मला माहितीय, या पत्रावर लगेच लोक म्हणणार की हॉस्टेल म्हणजे चार लोकांत राहायला शिकणं, आजच्या पोरांना ॲडजस्टमेंट नको. हा मुद्दा मी हलका समजत नाही, कारण महाराष्ट्रात वसतिगृहांचा इतिहासच तसा आहे. शाहू महाराजांनी १९०१ मधे कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू करून दिलं आणि त्यामागून जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानलेल्या समाजाची मुलं, प्रत्येकासाठी बोर्डिंगं उभी राहिली. खेड्यातल्या पोराला शहरात भाड्याने खोली सोडा, ओसरी सुद्धा कुणी देत नव्हतं अशा काळात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याला १९२४ मधे बोर्डिंग काढलं त्यात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली, आणि मुलांच्या जेवणाची अडचण आली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिनेच काय, मंगळसूत्र पण मोडलं. माझे आजोबा रयतच्या शाळेत शिकलेले, आमच्या घरात कर्मवीरांचा फोटो आहे. एका ताटात जेवणं, एकमेकांची भांडी घासणं, आजारी पडलेल्याच्या उशाशी बसणं, हे हॉस्टेलातच शिकायला मिळतं आणि ते मिळालंच पाहिजे, त्यातून जातीच्या भिंती खरंच पडतात, माझ्याही डोक्यातल्या पडल्या. पंगतीला मी कधीच नाही म्हटलं नाही. माझं म्हणणं पंगत उठल्यानंतरच्या वेळेबद्दल आहे.

आणि बाबासाहेबांचं विद्यार्थीपण आठवा. परळच्या चाळीतली खोली, घरात माणसं जास्त आणि जागा कमी. वडील रामजी सुभेदार त्यांना संध्याकाळी लवकर झोपवायचे आणि रात्री दोनच्या सुमारास उठवायचे, का तर तेव्हा सगळे झोपलेले असतात, तेवढाच काय तो निवांतपणा. दिव्याच्या उजेडात पहाटेपर्यंत वाचन. पुढे स्वतःचं घर बांधायची वेळ आली तेव्हा दादरला राजगृह उभं केलं ते मुख्यतः पुस्तकांसाठी. एका बापाने पोराची गरज ओळखून अख्ख्या घराचं झोपेचं वेळापत्रक त्याच्याभोवती बसवलं, हे मला फार मोठं वाटतं. त्या बापाजवळ जागा नव्हती, म्हणून त्याने वेळ काढून दिली. हॉस्टेलवाल्यांकडे जागा नसेल तर निदान हे तरी जमू शकतं.

वेळेचं म्हणाल तर कायदा आहे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम बघा, शाळा-कॉलेजं, दवाखाने, कोर्टं यांच्याभोवतीचा शंभर मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, तिथे आवाजाची मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. कॉलेजच्या गेटवर शांतता क्षेत्राचा बोर्ड असतो, हॉर्न वाजवू नये म्हणून. बाहेरच्या ट्रकवाल्याने गप्प राहायचं आणि आत कॉरिडॉरमधे रात्री साडेबाराला ब्लूटूथ स्पीकर दणदणतोय त्याला कुणी काही म्हणायचं नाही हे कसं? बोललं तर "एक दिवसाचं काय गं" म्हणतात, पण साठ मुलींच्या मजल्यावर रोज कुणाचा ना कुणाचा वाढदिवस, साखरपुडा नाहीतर निकाल असतोच.

पहिल्या वर्षाच्या इंट्रोचं पण सांगितलंच पाहिजे. रॅगिंगच्या विरोधात महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आहे, यूजीसीचे २००९ चे नियम आहेत, १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, त्यामुळे मारहाण वगैरे आमच्याकडे नव्हती. पण रात्री हॉलमधे बसवून गाणं म्हण, नाच, कुणाची तरी नक्कल कर, हे "ओळख" म्हणून चालायचंच, आणि जी गप्प असते तिलाच परत परत उभं करतात कारण तिची गंमत जास्त येते. बोलक्या मुलीला त्यात मजा येते, खरंच येते. गप्प मुलीला त्यानंतर दोन दिवस जेवण जात नाही. एखाद्याला लाज वाटेल, त्याचा छळ होईल असं करायला भाग पाडणं हे नियमांप्रमाणे रॅगिंगच आहे, ते हसत हसत केलं तरी. नवीन मुलांनी हा नंबर फोनमधे घालून ठेवावा.

आता जरा नाजूक विषयावर येते. गेल्या काही वर्षांत विद्यार्थ्यांच्या आत्महत्या इतक्या झाल्या की सुप्रीम कोर्टाला मधे पडावं लागलं. मार्च २०२५ मधे कोर्टाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय कृतिदल नेमलं आणि जुलै २०२५ मधे मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यात शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, निवासी संस्थांमधे सुरक्षित पंखे, आणि गच्ची-बाल्कनी अशा ठिकाणी जाण्यावर निर्बंध असं सगळं आहे. याला माझा अजिबात विरोध नाही. एक जरी जीव वाचला तरी गच्चीला शंभर कुलपं लावा. पण आमच्यासारख्यांसाठी गच्ची हीच एकटं बसायची एकमेव जागा होती हे पण कुणीतरी नोंदवायला पाहिजे, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून मी अख्खं ॲग्रोनॉमी वाचलंय. ती जागा बंद होणार असेल तर त्या बदल्यात तळमजल्यावर, सगळ्यांना दिसेल अशी, काचेच्या दाराची का होईना पण एक शांत खोली द्या. जागा काढून घेताना पर्याय दिला नाही तर पोरं बाथरूममधे जाऊन बसतात. आमच्याकडे बसायच्या, रात्री दार लावून, बादली उलटी करून त्यावर.

दुसरी काळजी म्हणजे या सगळ्या भीतीपोटी रेक्टर लोकांनी जो एकटा दिसेल तो धोक्यात असं सोपं गणित मांडून टाकलंय. माझ्या मजल्यावर एक मुलगी होती, सगळ्यांत मिसळणारी, गॅदरिंगची अँकर, मॅडमची लाडकी. तिसऱ्या वर्षाला तिने मेसला येणं कमी केलं, मग आठवड्यातून दोनदाच केस विंचरायला लागली, आवडीचे कानातले कुणालाही देऊन टाकायला लागली. रविवारी सगळ्या टीव्ही हॉलमधे असताना मी मजल्यावर असायचे, म्हणून हे मला दिसलं. मी तिच्याजवळ जाऊन बसले, फार बोलले नाही, मला येतही नाही, पण तिने दोन रविवारांनंतर स्वतःहून सांगितलं, आणि मग तिच्या ताईला बोलावून आम्ही तिला डॉक्टरकडे नेलं. ती आज बरी आहे, नोकरी करते. तिच्या घरी फोन गेला नव्हता, कारण ती मिसळत होती. मी डॉक्टर नाही, पण मला वाटतं बघायचं ते बदलाकडे, जी बोलकी होती ती गप्प झाली का, जी जेवत होती तिचं जेवण तुटलं का, जी पहिल्यापासून शांत आहे तिची ती शांतता नेहमीचीच आहे की आता त्यात रडणं आलंय. हे कळायला मुलगी आधी कशी होती ते माहीत असावं लागतं आणि त्यासाठी तिच्याशी वर्षातून दोनदा तरी नीट बोलावं लागतं, रजिस्टरवरच्या सहीवरून कळत नाही. ज्यांना खरंच जड जातंय त्यांच्यासाठी सरकारची टेलिमानस लाइन आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. प्रत्येक मजल्यावर हा नंबर मोठ्या अक्षरात लावा.

मुलींचं अजून एक आहे. मुलांच्या हॉस्टेलातला शांत मुलगा जेवून एकटाच तलावापर्यंत फिरायला जातो, स्टँडवर चहा पिऊन येतो, रीडिंग हॉलमधे बारापर्यंत बसतो. आमचं गेट सातला बंद. रीडिंग हॉल रात्री अकरापर्यंत उघडा असायचा पण तो गेटच्या बाहेर, म्हणजे आमच्यासाठी नव्हताच. दिल्लीत २०१५ मधे मुलींनी पिंजरा तोड म्हणून चळवळ केली ती याच वेळांच्या विरोधात, आपल्याकडे त्याची चर्चा बरीच झाली, गेटच्या वेळा फारशा बदलल्या नाहीत. संध्याकाळी सात ते सकाळी सहा एकाच इमारतीत दोनशे मुली, आणि त्यात एकटं बसायला एक कोपरा नाही. मला जो काही निवांतपणा मिळाला तो फार्मवर मिळाला. शेवटच्या वर्षी ज्वारीचा प्लॉट माझ्याकडे होता, सकाळी सहाला गेट उघडलं की मी रजिस्टर, पट्टी आणि पाण्याची बाटली घेऊन निघायचे, प्रत्येक प्लॉटमधली लेबल लावलेली पाच झाडं शोधायची, उंची मोजायची, पानं मोजायची, लिहायची. दव असायचं, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजायचा, कणसांवर चिमण्या. आठला वर्गात जायचे तेव्हा मी अख्ख्या दिवसाच्या गोंगाटाला तयार असायचे. शहरातल्या कॉलेजातल्या मुलीला ज्वारीचा प्लॉट कुठून मिळणार?

तुम्ही म्हणाल मग बाहेर खोली करून राहा. कुणाच्या पैशाने? समाजकल्याणच्या वसतिगृहात नंबर न लागलेल्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे, चांगली योजना आहे, मुंबई-पुणे-नागपूरसारख्या शहरांसाठी वर्षाला ६० हजार, त्यातले राहण्याचे २० हजार. महिन्याला सतराशे सुद्धा पडत नाहीत. पुण्यात सदाशिव पेठेत एवढ्यात खोली राहू द्या, कॉट बेसिसवर एक कॉट मिळाली तर नशीब, आणि तिथे एका खोलीत एमपीएससीवाली पाच-सहा पोरं. म्हणजे ज्याच्या बापाकडे पैसा आहे त्याचा एकांतवासाचा प्रश्न फ्लॅट घेऊन सुटतो, आणि ज्याच्याकडे नाही त्याने सवय करून घ्यायची. सरकारी हॉस्टेलवरच ज्यांची सगळी भिस्त आहे त्यांच्यासाठी म्हणून हे बोलणं जास्त गरजेचं आहे.

दुसरीकडे हे होतं. पवईच्या आयआयटीत जुन्या हॉस्टेलांमधे सीनियर मुलांना एकेकट्याची खोली मिळत आलीय, त्यामुळे तिथली मुलं काही माणसांतून उठली नाहीत. माझी मावसबहीण जर्मनीत शिकतेय, तिथल्या विद्यार्थी वसतिगृहांत बहुतेक खोल्या एकट्याच्या असतात, किचन सगळ्यांचं मिळून, आणि रात्री दहानंतर शांतता म्हणजे शांतता. गप्पा मारायच्या तर किचनमधे जा, नको असेल तर आपलं दार लावा, कुणी दार का लावलंस विचारत नाही. अमेरिकेत पहिल्या वर्षाला रूम पार्टनर असतोच पण बऱ्याच विद्यापीठांत आधी फॉर्म भरून घेतात की झोपता कधी, उठता कधी, पाहुणे चालतात का, अभ्यास खोलीत करता की बाहेर, आणि त्यावरून जोड्या लावतात. त्यांच्याकडे पैसा जास्त आहे मान्य, पण फॉर्म छापायला कितीसा पैसा लागतो.

आणि परदेश कशाला, आपल्या इगतपुरीला धम्मगिरीवर देशभरातून लोक दहा दिवस तोंडातून शब्द न काढता बसायला येतात, तिथे ध्यानाला एकेकट्याच्या छोट्या खोल्या आहेत, राज्य सरकार आपल्या कर्मचाऱ्यांना विपश्यनेसाठी रजा देतं. पन्नाशीच्या साहेबाला शांतता लागते हे सरकारला पटलेलं आहे. अठरा वर्षांच्या पोरीला पण ती लागू शकते, तिला तर परीक्षा पण द्यायची असते.

माझ्या मागण्या साध्या आहेत. खोल्या वाटायच्या आधी एक पानाचा फॉर्म द्या आणि झोपण्याच्या, अभ्यासाच्या, आवाजाच्या सवयी जुळतील तशी मुलं एकत्र घाला, शंभर टक्के जुळणार नाही पण निम्मं भांडण तिथेच मिटेल. कॉटभोवती पडदा लावायला लेखी परवानगी द्या, पाहिजे तर कापड पातळ असावं, राउंडच्या वेळी बाजूला सारावं अशी अट घाला, चालेल, पण काय लपवायचंय असं कुणाला विचारू नका. मजल्यावर एक खोली बोलायचं नाही अशी ठेवा, त्यात चार खुर्च्या आणि चार्जिंगचे पॉइंट असले तरी पुष्कळ. दहा-साडेदहानंतर स्पीकर बंद, ज्याला ऐकायचं त्याने इयरफोन लावावेत. सिंगल रूम आहेत तिथे त्या फक्त मार्कांवर किंवा सीनियॉरिटीवर न देता एक-दोन खोल्या गरजेवर पण द्या, आणि गरज म्हणजे डॉक्टरचं सर्टिफिकेटच पाहिजे असं नको. मुलींचा रीडिंग हॉल गेटच्या आत आणा नाहीतर गेट रीडिंग हॉलच्या वेळेपर्यंत उघडं ठेवा. गॅदरिंग, फ्रेशर्स, गरबा यांना यायची सक्ती नको, आणि न येणाऱ्याच्या नावापुढे फुली नको. आणि घरी फोन करायच्या आधी त्या मुलाला किंवा मुलीला समोर बसवून विचारा, त्रास आहे का, की तुझा स्वभावच असा आहे. ती काय म्हणते त्यावर विश्वास ठेवा आणि महिन्याभराने परत विचारा.

पालकांना पण एक सांगायचंय. तुमचं पोर शांत असेल तर हॉस्टेलला सोडताना "सगळ्यांत मिसळ बरं का, घुम्यासारखं बसू नको" हे ऐकवून जाऊ नका. त्याने आधीच ते हजार वेळा ऐकलेलं असतं. त्यापेक्षा कॅम्पसमधे एक चक्कर मारून लायब्ररी कुठे आहे, किती वाजेपर्यंत उघडी असते, सकाळी फिरायला झाडाखालची वाट कुठली ते त्याच्याबरोबर बघून या. आणि रेक्टर कोण आहेत त्यांना भेटून सांगून ठेवा की आमचं लेकरू कमी बोलतं, तो त्याचा स्वभाव आहे, काळजी करण्यासारखं काही वेगळं दिसलं तर जरूर कळवा.

माझ्या चुलतभावाचा यंदा इंजिनीअरिंगला नंबर लागेल, तो माझ्यापेक्षाही कमी बोलतो. त्याला सोडायला मीच जाणार आहे. तुम्ही हे पत्र छापलं तर कात्रण बरोबर नेईन आणि तिथल्या रेक्टर सरांकडे पडद्याच्या परवानगीचा अर्ज त्याच दिवशी देईन.

आपली,
हॉस्टेलात शिकलेली एक वाचक, जि. परभणी
(नाव छापू नये ही विनंती)